दुधाचे दात, व्हॅम्पायरचे सुळे

माणसाचे वरचे कायमचे सुळे साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतात. त्याआधी दुधाचा सुळा हलतो, पडतो, मागे खिंडार ठेवून जातो आणि जीभ दिवसभर त्या खिंडाराशी चाळा करत बसते. दहा ते तेरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या विनोदी व्हॅम्पायरकथांत दातांना एवढे महत्त्व का, याचे निम्मे उत्तर इथे आहे. व्हॅम्पायर ज्या दातांवरून ओळखला जातो, नेमके तेच दात या वाचकाच्या तोंडात नुकते फुटत असतात. १९७९ मध्ये पश्चिम जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या ‘छोटा व्हॅम्पायर’ (मूळ नाव ‘डेर क्लाइनं व्हाम्पीर’) या पुस्तकात आना नावाची एक व्हॅम्पायर मुलगी आहे. तिच्या घराण्यात प्रत्येकाला बिरुद असते: भयंकर साबीनं, दांडगा विल्हेल्म, तहानलेली हिल्डेगार्ड. आनाचे बिरुद ‘बोळकी’. तिचे सुळे अजून आलेले नाहीत, म्हणून ती रक्त पीत नाही, दूध पिते.

या एका तपशिलात अख्ख्या प्रकाराची रीत दिसते. लेखिकेने व्हॅम्पायरला गोड केलेले नाही, रक्त पिण्याचा नियमही रद्द केलेला नाही. नियम जसाच्या तसा ठेवून तिने फक्त पुढचा प्रश्न विचारला: सुळे येईपर्यंत व्हॅम्पायरच्या लेकराने प्यायचे काय? भयकथेत हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो विचारला की घर येते, आई-आजी येतात, जेवणाच्या वेळा येतात आणि हसू आपोआप येते.

भुताच्या गोष्टीपेक्षा व्हॅम्पायरची गोष्ट या वयाला जास्त मानवते, त्यालाही नियमच कारणीभूत आहेत. भूत काहीही करू शकते. ते भिंतीतून येते, मनाला वाटेल तेव्हा दिसते आणि वाटेल तेव्हा नाहीसे होते. व्हॅम्पायरचे तसे नाही. त्याला ऊन चालत नाही, लसूण चालत नाही, आरशात तो दिसत नाही, बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही आणि पहाट व्हायच्या आत शवपेटीत परतावे लागते. सातवीतल्या मुलाच्या दिनक्रमाशी ही यादी ताडून पाहिली तर फार अंतर राहत नाही: अमुक खायचे नाही, तमुक वाजता घरी यायचे, दुसऱ्याच्या घरी विचारल्याशिवाय जायचे नाही. शिवाय हे वय नियमांचे भारी वेडे. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये खेळापेक्षा ‘आऊट की नॉट आऊट’चा वाद जास्त वेळ चालतो. व्हॅम्पायरच्या नियमांत पळवाट कुठे आहे, हे शोधणे त्याच जातीचा खेळ आहे.

हे नियम मात्र एका जागी, एका वेळी तयार झालेले नाहीत. त्यांचे मूळ बाल्कन प्रदेशात, अठराव्या शतकातल्या सर्बियन खेड्यांत सापडते. १७१८ च्या तहानंतर उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला आणि तिथल्या गावकऱ्यांच्या समजुती प्रथमच सरकारी कागदावर उतरू लागल्या. १७२५ मध्ये किसिल्येवो गावातला पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला. त्यानंतर आठ दिवसांत नऊ माणसे दगावली. गावकऱ्यांनी ऑस्ट्रियन अधिकाऱ्यासमोर थडगे उकरले. प्रेत ताजे दिसले, तोंडाशी रक्त होते. त्यांनी त्याच्या छातीत मेख ठोकली आणि देह जाळला. अधिकाऱ्याचा हा अहवाल व्हिएन्नातल्या वर्तमानपत्रात छापून आला. पुढे मेद्वेजा गावातल्या अशाच प्रकरणाची लष्करी वैद्यांनी चौकशी केली. १७३२ सालच्या त्यांच्या अहवालाने युरोपभर चर्चा उठवली आणि ‘व्हॅम्पायर’ हा स्लाव्ह भाषांतला शब्द जर्मन, फ्रेंच, इंग्रजीत रुळला.

गावकऱ्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. त्यांनी काढलेला अर्थ चुकला होता. प्रेत कुजताना पोटात वायू साचतो, देह फुगतो आणि रक्तमिश्रित द्रव तोंडाकडे ढकलला जातो. त्यामुळे मेलेला माणूस नुकताच जेवून झोपल्यासारखा दिसतो. कातडी आक्रसते, म्हणून नखे आणि दात वाढल्याचा भास होतो. फुगलेल्या छातीत मेख घुसली की आतला वायू घशातून बाहेर पडतो आणि प्रेत कण्हल्यासारखा आवाज येतो. १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपले राजवैद्य गेरार्ड फान स्वीटेन यांच्या सल्ल्यावरून अशी थडगी उकरायला बंदी घातली. या लोककथांतला व्हॅम्पायर आजच्या मुलाला ओळखूही येणार नाही. तो सरदार नव्हता, त्याला काळा झगा नव्हता. तो फुगलेला, लालबुंद, कफनात गुंडाळलेला गावातलाच शेतकरी होता.

त्याला सभ्य कपडे साहित्याने चढवले. लॉर्ड बायरनचा वैद्य जॉन पॉलिडोरी याच्या १८१९ सालच्या कथेत व्हॅम्पायर प्रथम खानदानी, देखणा, मेजवान्यांत वावरणारा झाला. १८७२ मध्ये आयरिश लेखक शेरिडन ले फॅन्यू याने ‘कार्मिला’ लिहिली. १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ आली आणि नियमांची बरीचशी पोथी तिथे बांधली गेली. आरशात प्रतिबिंब न दिसण्याची कल्पना स्टोकरचीच मानली जाते. वटवाघूळ होणे, मायभूमीच्या मातीत निजणे, बोलावल्याशिवाय घरात शिरता न येणे हेही त्याच्या कादंबरीमुळे सर्वतोमुखी झाले. वटवाघळांच्या बाबतीत तर नावाचा प्रवास उलटा झालेला आहे. रक्तावर जगणारी वटवाघळे फक्त अमेरिका खंडात, मेक्सिकोपासून दक्षिणेकडे आढळतात. त्यांना व्हॅम्पायरचे नाव युरोपियनांनी दिले. व्हॅम्पायरला त्यांचे नाव मिळालेले नाही.

बाकीची भर रंगभूमीने आणि सिनेमाने घातली. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावरून हिंडतो. उन्हात त्याची शक्ती कमी होते एवढेच. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हा आज सर्वांत पक्का वाटणारा नियम १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटातून आला. उंच कॉलरच्या काळ्या झग्याची गोष्ट तर निव्वळ नेपथ्याची आहे. १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये हॅमिल्टन डीनने ‘ड्रॅक्युला’चे नाटक केले. त्यात नटाने प्रेक्षकांकडे पाठ फिरवायची आणि रंगमंचातल्या चोरदारातून नाहीसे व्हायचे होते. तो सटकत असताना डोके दिसू नये म्हणून कॉलर उंच शिवली गेली. १९३१ च्या हॉलिवूडपटात बेला लुगोसी या हंगेरियन नटाने त्या झग्याला आपले सावकाश, जड उच्चार जोडले. ते उच्चार इतके नकलेजोगे होते की पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरे चादर पाठीला बांधून त्यांचीच नक्कल करू लागली. ज्याची नक्कल करता येते त्याची भीती फार काळ टिकत नाही. व्हॅम्पायर मुलांच्या हाती लागला तो असा, नकलेतून.

मोठ्यांना मात्र हे लवकर पचले नाही. सप्टेंबर १९५४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात, गॉर्बल्स या कामगार वस्तीत, शाळा सुटल्यावर शेकडो मुले दफनभूमीत गोळा झाली. कुणाच्या हातात काठ्या, कुणाच्या हातात सुऱ्या, कुणाबरोबर कुत्रा. सात फूट उंचीच्या, लोखंडी दातांच्या एका व्हॅम्पायरने दोन मुलांना खाल्ल्याची अफवा होती आणि मुले त्याच्या शिकारीला निघाली होती. कोणतेही मूल हरवलेले नव्हते. पोलीस आले, अखेर पाऊस आला, मुले पांगली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा जमली. दोष अमेरिकन भयकॉमिकांवर आला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने मुलांसाठीच्या अपायकारक प्रकाशनांवर कायदा केला. गंमत अशी की लोखंडी दातांचा व्हॅम्पायर असलेले कॉमिक त्या वेळी कुणाला दाखवता आले नाही. लोखंडी दातांची चेटकीण एका जुन्या स्कॉटिश कवितेत होती आणि लोखंडी दातांचे श्वापद बायबलच्या दानिएलाच्या पुस्तकात. त्या मुलांनी दोन्ही ऐकलेले असण्याची शक्यता कोणत्याही कॉमिकपेक्षा जास्त होती. त्याच १९५४ साली अमेरिकेतल्या कॉमिक प्रकाशकांनी स्वतःसाठी आचारसंहिता आखून घेतली आणि तिच्यात व्हॅम्पायरना नाव घेऊन बंदी केली. ती १९७१ मध्ये सैल झाली.

गॉर्बल्सच्या प्रसंगाकडे भेदरलेल्या मुलांचे उदाहरण म्हणून पाहिले गेले. पण पोरे घरात लपली नव्हती. ती टोळीने, संध्याकाळी, दफनभूमीची भिंत चढून आत गेली होती. या वयाला भीतीपासून दूर राहायचे नसते, तिच्या जितक्या जवळ जाता येईल तितके जाऊन यायचे असते, आणि तेही मित्रांबरोबर. पुढच्या पंचवीस वर्षांत आलेल्या पुस्तकांनी हे बरोबर ओळखले.

मधल्या काळात वाट दूरचित्रवाणीने सपाट केली. १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘द मन्स्टर्स’ या अमेरिकन विनोदी मालिकेत व्हॅम्पायर आजोबा, व्हॅम्पायर आई आणि बाकीची चमत्कारिक मंडळी उपनगरातल्या साध्या गल्लीत राहू लागली. १९७१ मध्ये चॉकलेटच्या चवीच्या न्याहारीच्या डब्यावर व्हॅम्पायर आला. १९७२ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’वर काउंट नावाचा बाहुला आला, त्याला कशाचेही काही नाही, फक्त मोजायचे असते, आणि प्रत्येक मोजणी संपली की विजा कडाडतात. पूर्व युरोपातल्या समजुतीत व्हॅम्पायरच्या वाटेवर खसखस किंवा धान्य पसरून ठेवत असत, म्हणजे दाणे मोजता मोजता त्याची पहाट होईल. शिशुवर्गाला अंक शिकवणाऱ्या बाहुल्याशी या जुन्या समजुतीची गाठ मजेदार बसते. मात्र हे सगळे छोट्यांसाठी किंवा सगळ्या घरासाठी होते. स्वतः वाचणाऱ्या, थोडेफार घाबरून घ्यायची हौस असलेल्या वयासाठी खरी पुस्तके आली १९७९ मध्ये, एकाच वर्षी दोन, एकमेकांशी काहीही संबंध नसताना.

पहिले अर्थात ‘छोटा व्हॅम्पायर’. लेखिका अँगेला झोमर-बोडेनबुर्ग १९४८ मध्ये हॅम्बुर्गजवळच्या राइनबेक गावी जन्मलेल्या आणि हॅम्बुर्गमध्ये प्राथमिक शिक्षिका असलेल्या. वर्गातल्या मुलांना खिळवून ठेवील अशी गोष्ट हवी, या गरजेतून पुस्तक आले. पुढे त्याचे वीसहून अधिक भाग झाले, तीसहून अधिक भाषांत भाषांतरे झाली, एक कोटीहून अधिक प्रती खपल्या, १९८६ मध्ये मालिका झाली, २००० मध्ये चित्रपट झाला.

गोष्टीची सुरुवात शनिवारच्या संध्याकाळी होते. आंटोन हा शाळकरी मुलगा घरात एकटा आहे. आई-बाबा बाहेर गेले आहेत. त्याला भयकथा वाचायचे वेड. खिडकीत एक व्हॅम्पायर येऊन बसतो. पण तो लहान आहे, पोरच आहे, आणि आंटोनच्या हातातल्या पुस्तकात त्याला भलताच रस आहे. त्याचे नाव रूडिगर. वय म्हणाल तर दीडशे वर्षांचे, पण मेला तेव्हा लहान होता, त्यामुळे लहानच राहिला. दोघांची मैत्री पुस्तकांच्या देवाणघेवाणीतून होते. रूडिगर आंटोनला एक जादा झगा देतो. झगा कुबट वासाचा, कसर लागून भोके पडलेला, पण तो अंगावर घेतला की उडता येते. उडण्याची कल्पना बालसाहित्यात नवी नाही, वासाची आहे. कुबट झग्याचा तो वास नसता तर ते उडणे परीकथेतले झाले असते. आंटोनच्या आईच्या नाकालाही तो वास लागतो, आणि मुलाचा हा कोण नवा मित्र अंघोळ करत नाही, एवढाच तिचा प्रश्न असतो.

रूडिगरचे घराणे, फोन श्लोटरस्टाइन, दफनभूमीखालच्या तळघरात राहते. या घरात प्रेम आहे, धाक आहे, जुन्या खानदानाचा तोराही आहे. डोरोथे आत्या सर्वांत रक्तपिपासू, तिच्यापासून आंटोनला जपावे लागते. थोरला भाऊ लुंपी हे लेखिकेचे खास पात्र. तो ऐन वयात येत असताना व्हॅम्पायर झाला. आवाज फुटायच्या वेळी थांबला, तोंडावरची पुटकुळी तिथेच राहिली, आणि आता घडीत प्रेमळ, घडीत पिसाळलेला असा तो अनंतकाळ राहणार आहे. मोठा भाऊ किंवा मोठी बहीण घरात असलेल्या कुठल्याही वाचकाला लुंपी समजावून सांगावा लागत नाही. वर, जमिनीवर, गायरमायर नावाचा दफनभूमीचा राखणदार आहे. खिशात लाकडी मेखा, तोंडाला लसणाचा वास. व्हॅम्पायरशिकारी हा भयकथेचा नायक. या पुस्तकात तो पोरांच्या मागे लागणारा कटकट्या रखवालदार झाला आहे, आणि वाचकाची बाजू आपोआप बदलली आहे.

दुसऱ्या भागात माणसाशी मैत्री केल्याबद्दल रूडिगरवर तळघरबंदी येते. तो आपली शवपेटी उचलून आंटोनच्या इमारतीच्या तळमजल्याखालच्या कोठारात येऊन राहतो. हा भाग सगळ्या मालिकेची शक्ती आणि मर्यादा एकदम दाखवतो. मित्र घरी राहायला आला की दोन दिवस मजा येते, तिसऱ्या दिवशी तो डोईजड होतो. आणि हा मित्र तर उपाशी, चिडका, स्वार्थी आणि उपकार न मानणारा. रूडिगर पुष्कळदा वाईट वागतो. लेखिका त्याला सुधारत नाही. मुलांच्या पुस्तकांत परका, वेगळा मित्र नेहमी सोन्यासारखा असतो, आणि म्हणून तो खरा वाटत नाही. रूडिगर खरा वाटतो. मर्यादा अशी की वीस भागांपर्यंत ताणायला ही कल्पना पुरत नाही. मधल्या काही भागांत तेच प्रसंग कपडे बदलून येतात. पहिले चार-पाच भाग सगळ्यांत ताजे आहेत.

दुसरे पुस्तक अटलांटिकच्या पलीकडचे. डेबोरा आणि जेम्स हाउ या अमेरिकन जोडप्याचे ‘बनिक्युला’. बनी म्हणजे ससुला, त्याला ड्रॅक्युलाची शेपटी जोडलेली. डेबोराचा १९७८ मध्ये कर्करोगाने मृत्यू झाला, पुस्तक पुढच्या वर्षी आले, आणि पुढचे भाग जेम्सने एकट्याने लिहिले. इतके हसरे पुस्तक कुठल्या दिवसांत तयार झाले हे ठाऊक झाल्यावर ते पुन्हा वाचले तरी त्यात कुठे सावली सापडत नाही.

मन्‍रो कुटुंब ‘ड्रॅक्युला’ सिनेमा पाहायला जाते आणि थिएटरच्या खुर्चीवर त्यांना सशाचे पिल्लू सापडते. गोष्ट सांगतो घरातला कुत्रा हॅरल्ड: सुस्त, खादाड, भला. घरातला बोका चेस्टर मात्र वाचनवेडा आहे, त्यातही भयकथांचा. ससा रात्री पिंजऱ्यातून बाहेर येतो आणि सकाळी फ्रिजजवळ पांढराफटक टोमॅटो सापडतो. आत रस नाही, सालीवर दोन बारीक भोके. मग एकेक करून बाकीच्या भाज्याही पांढऱ्या. माणसांना वाटते भाजीवर रोग पडला असावा. चेस्टरला सत्य कळलेले असते, पण मांजराचे कोण ऐकतो? इथेही रक्त पिण्याचा नियम अबाधित आहे. फक्त शिकार भाजीच्या टोपलीत हलली आहे.

बारकाईने पाहिले तर या गोष्टीत ससा जवळजवळ काहीच करत नाही. सगळा धुमाकूळ चेस्टरच्या डोक्यात आहे. तो लसूण पसरून सशाची वाट अडवतो आणि ससा उपाशी राहू लागतो. तेव्हा सुस्त हॅरल्डला प्रथमच बाजू घ्यावी लागते: समोरचा व्हॅम्पायर असेलही, पण तो भुकेला आहे आणि त्याने कुणाचे वाईट केलेले नाही. हे वाक्य पुस्तकात असे कुठेही येत नाही. हॅरल्ड फक्त सशाला कोशिंबिरीच्या वाडग्यापर्यंत पोहोचवायची खटपट करतो. उपदेश न करता परक्याबद्दलच्या संशयाची गोष्ट सांगण्याचे हे कसब त्यानंतरच्या अनेक पुस्तकांना साधलेले नाही. पशुवैद्य शेवटी सशाला पातळ आहार सुचवतात, आणि चेस्टरची रवानगी मानसोपचाराकडे होते.

दोन्ही पुस्तकांत मोठ्या माणसांना काही दिसत नाही, आणि हा या प्रकाराचा अलिखित नियम म्हणावा लागेल. आंटोनचे आई-बाबा चांगले आहेत, मन्‍रो पती-पत्नीही चांगली आहेत. ती दुष्ट असती तर गोष्ट बंडाची झाली असती. ती समंजस आहेत, म्हणूनच आंधळी आहेत: समंजस माणूस पांढऱ्या टोमॅटोला कीड म्हणतो आणि कुबट झग्याला वेषभूषा म्हणतो. जे आपल्याला दिसते ते त्यांना दिसत नाही, ही जाणीव बाराव्या वर्षी सगळ्यांना होते; व्हॅम्पायर फक्त तिला आकार देतो.

१९७९ नंतर वाट रुंद झाली. त्यातल्या सगळ्या पुस्तकांची दखल इथे अनावश्यक आहे. पण रक्ताच्या जागी काय ठेवायचे या एकाच प्रश्नाला किती उत्तरे निघाली ते पाहण्याजोगे आहे. ब्रिटनच्या १९८८ सालच्या ‘काउंट डक्युला’ या कार्टून मालिकेत बदकाला पुन्हा जिवंत करण्याच्या विधीत रक्ताऐवजी टोमॅटो केचप पडते आणि व्हॅम्पायर शाकाहारी निघतो. फ्रेंच चित्रकथाकार जोआन स्फार याच्या १९९९ पासूनच्या ‘पती व्हॅम्पीर’ मालिकेतला छोटा व्हॅम्पायर शाळेत जायचा हट्ट धरतो, रात्रीच्या रिकाम्या वर्गात जातो आणि एका मुलाच्या वहीत त्याचा गृहपाठ करून ठेवतो. मैत्री वहीतून सुरू होते. जर्मनीत २००८ पासून आलेल्या फ्रांत्सिस्का गेम यांच्या ‘व्हॅम्पायर बहिणी’ मालिकेत दोन अर्ध्या-व्हॅम्पायर जुळ्या बहिणी ट्रान्सिल्व्हेनियातून जर्मन गावात राहायला येतात: एकीला माणसांसारखे व्हायचे आहे, दुसरीला अजिबात नाही. परगावातून बदली होऊन आलेल्या मुलांच्या गोष्टीपासून ही गोष्ट किती जवळ आहे ते सांगायला नको. २०१२ चा ‘हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया’ हा अॅनिमेशनपट त्याच वाटेने जातो; तिथे काळजीत पडलेला बाप स्वतः ड्रॅक्युला आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या प्रकाराशी एक जुना, काहीसा गैरसमजाचा संबंध आहे. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळपंचविशीतल्या अकरा कथा इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाच्या नावात विक्रमाबरोबर वेताळाला ‘व्हॅम्पायर’ करून टाकले. वेताळ रक्त पीत नाही. तो प्रेतात वस्ती करतो, झाडाला उलटा लटकतो, कोडी घालतो, राजाने तोंड उघडले की परत झाडावर जातो. गोव्यात आणि कोकणात तर तो बेताळ किंवा वेतोबा म्हणून गावाची राखण करणारा देव आहे. व्हॅम्पायरशी त्याचे खरे नाते दुसऱ्याच ठिकाणी जुळते: त्यालाही नियम आहेत आणि त्याच्या गोष्टीचा सगळा डोलारा त्या नियमावर उभा आहे. बोललास तर मी गेलो, ही अट काढली तर पंचवीस कथांची माळ पहिल्याच मण्यापाशी तुटते.

रूडिगरचा जवळचा नातलग मराठी भुतावळीत शोधायचा तर तो मुंजा होय. मुंज झालेला पण सोडमुंज आणि लग्न व्हायच्या आत वारलेला मुलगा पिंपळावर राहतो, अशी समजूत आहे. म्हणजे तोही वय थांबलेला मुलगाच. शिक्षण सुरू झाले, पुढचे काहीच झाले नाही. लुंपीसारखाच तोही अधेमधे अडकलेला. २०२४ च्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने त्याला कोकणातून उचलून विनोदी भयपटात आणले, पण तो मोठ्यांसाठी. पिंपळावरच्या मुंजाला रोज संध्याकाळी दूध लागते की भात, त्याला पाढे येतात का, आणि खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा चेंडू फांदीत अडकला तर तो परत देतो का, हे प्रश्न दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी विचारायला भरपूर जागा आहे.

भाषांतराची वाट मात्र खाचखळग्यांची आहे. रूडिगरच्या ‘फोन श्लोटरस्टाइन’ या आडनावात ‘श्लोटर्न’ म्हणजे थरथरणे, ‘स्टाइन’ म्हणजे दगड. सरदारी थाटाचे हे आडनाव जर्मन मुलाला ऐकताक्षणी हसवते. मराठीत ते जसेच्या तसे ठेवले तर ते नुसते उच्चारायला अवघड नाव उरते. ‘सरदार थरथरे’ केले तर दफनभूमीखालचे घराणे एकदम पुण्याच्या पेठेत येऊन बसते. गायरमायरमधल्या ‘गायर’चा अर्थ गिधाड, त्याचे ‘गिधाडे’ हे तयार मराठी आडनाव मिळते. ‘बनिक्युला’मधला पेच याहून कठीण आहे. व्हॅम्पायरच्या छातीत ठोकायची टोकदार मेख आणि ताटात वाढायचा मांसाचा तुकडा या दोन्हींना इंग्रजीत उच्चाराने एकच शब्द आहे. चेस्टर पुस्तक वाचून गोंधळतो आणि झोपलेल्या सशाच्या अंगावर कच्च्या मांसाचा तुकडा ठेवून तो थापटत बसतो. मराठीत हा विनोद शब्दशः मरतो. पण जुन्या पोथ्यांत ‘ष’ आणि ‘ख’ यांची अदलाबदल नेहमीची होती, आणि चेस्टरसारखे व्यासंगी मांजर पोथी वाचणारच. ‘छातीवर मेख ठोकावी’ हे त्याने ‘मेष ठोकावा’ असे वाचले, तर सशाच्या अंगावर मटणाचा तुकडा आपसूक येतो.